स्ट्रीमर बांधायची कशी: स्टीलहेडसाठी वूली बगर, बाससाठी क्लाउझर

माझ्या बांधायच्या टेबलावर पाण्याने भरलेला काचेचा एक ग्लास कायम असतो. नवीन फ्लाय, म्हणजे पिसं-केस गळावर बांधून केलेलं खोटं आमिष, बांधून झाली की आधी ग्लासात, मग डबीत. कोरडी असताना गुबगुबीत, देखणी दिसणारी फ्लाय पाण्यात गेल्यावर कधीकधी बुचासारखी गप्प पडून राहते. दुसरी एखादी व्हाइसमध्ये (गळ धरून ठेवायच्या शिकंज्यात) विरळ, अर्धवट वाटत असते. ती भिजताच निमुळती होते आणि दोरा नुसता हलवला तरी तिची शेपटी श्वास घेतल्यासारखी मिटते, उघडते. मासा येतो तो या दुसरीला. पुढे जे काही सांगणार आहे, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे: स्ट्रीमर, म्हणजे पाण्याखाली ओढायची फ्लाय, पाण्यात कशी दिसेल हे डोळ्यांपुढे ठेवून बांधायची, आणि हात नेहमी आखडता ठेवायचा.

मी मिशिगनमध्ये, ग्रँड रॅपिड्सजवळ राहते. मूळ वेंगुर्ल्याची. गरवणं लहानपणापासून अंगात आहे. बाबांबरोबर खाडीवर जायचे तेव्हा गरीला कोळंबी लावायची, एवढंच आमिष ठाऊक होतं. पिसं आणि केस दोऱ्याने गळावर बांधून मासा फसवायचा, हे इथे येऊन शिकले.

कोणते मासे, कोणती फ्लाय

स्टीलहेड म्हणजे जातीने रेनबो ट्राउटच. फरक तिच्या आयुष्यक्रमात आहे. ती नदीत जन्मते, मोठ्या पाण्यात वाढते आणि अंडी घालायला परत नदीत येते. मूळची ती पॅसिफिक किनाऱ्याची. ग्रेट लेक्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत माणसांनी आणून सोडली. इथे समुद्राची जागा लेक मिशिगनने घेतली. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ती मस्कीगन, पेअर मार्केट, ग्रँड अशा नद्यांमध्ये चढते. स्मॉलमाउथ बास मात्र इथलाच, उन्हाळ्याचा मासा. खडकाळ तळ, क्रेफिश (गोड्या पाण्यातला शेवंडासारखा जीव) आणि लहान माशांचे थवे असले की तो खूश.

स्ट्रीमर ही पाण्याखाली ओढायची फ्लाय. ती लहान मासा, जळू, क्रेफिश अशा पोहणाऱ्या जिवाचं सोंग घेते. नवशिक्याने दहा प्रकार गोळा करू नयेत, दोन नीट शिकावेत. माझी निवड वूली बगर आणि क्लाउझर डीप मिनो ही आहे. दोन्ही पेनसिल्व्हेनियात जन्मल्या आणि दोन्ही मुळात स्मॉलमाउथसाठी. रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ साली बगर बांधली ती डॉब्सनफ्लायच्या अळीची नक्कल म्हणून. ती अळी नदीतल्या दगडांखाली राहते, जबड्याने चावते आणि बासला फार आवडते. बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात सस्क्वेहाना नदीवर बासच्या मागे फिरता फिरता आपली फ्लाय घडवली. स्टीलहेडवाल्यांनी बगर उचलली, तिच्या तोंडाशी गुलाबी गोळा लावला, आणि अंडं तोंडात धरलेली जळू तयार झाली. तीच आपण पहिली बांधू.

सामान

व्हाइस असा हवा की गळ धरल्यावर तो जरासुद्धा सरकणार नाही. पैसे वाचवायचे तर इतर सगळ्यात वाचवा, यात नको. दोऱ्यासाठी बॉबिन, बारीक टोकाची धारदार कात्री, पीस धरायचा चिमटा, शेवटची गाठ मारायचं व्हिप फिनिशर, एक सुई. तार कापायला दुसरी जुनी कात्री ठेवा, नाहीतर चांगल्या कात्रीची धार महिन्यात जाईल. डोक्यावर लावायला खास वार्निश मिळतं, पण नखांचं पारदर्शक पॉलिश छान चालतं. मी तेच वापरते.

बगरसाठी लांब दांडीचा स्ट्रीमर गळ, ४ किंवा ६ नंबर. स्टीलहेडसाठी जाड तारेचाच घ्या. गळांचा नंबर जितका मोठा, तितका गळ लहान, हे लक्षात ठेवा. ६/० म्हणजे साधारण १४० डेनिअरचा काळा दोरा, अर्धा मिलिमीटर जाडीची शिसेविरहित वजनी तार, बारीक तांब्याची तार, काळी किंवा जांभळी शेनील (मऊ, केसाळ दोरा), त्याच रंगाची मॅराबूची पिसं, कोंबड्याचं लांब हॅकल (मानेचं पीस) आणि डोक्यासाठी थोडी भडक गुलाबी शेनील. मॅराबू पूर्वी करकोच्याचं असायचं, आता ते टर्कीचं असतं.

हॅकलविषयी जरा थांबते. इथल्या दुकानांत ‘इंडियन नेक’ म्हणून कोंबड्याच्या मानेची अख्खी कातडी स्वस्तात मिळते, ती आपल्याकडूनच येते. पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक फ्लायसाठी आता खास पैदास केलेल्या कोंबड्यांची पिसं लोक घेतात, पण स्ट्रीमरला मऊ, रुंद पीसच हवं असतं आणि तिथे हे नेक उत्तम. आणखी एक धागा थेट सह्याद्रीपर्यंत जातो. मेन राज्यातल्या कॅरी स्टीव्हन्स यांनी बांधलेली ‘ग्रे घोस्ट’ ही स्ट्रीमर जगभर गाजली. तिच्या गालावर बसवलेलं पिवळसर, मेणचट ठिपक्याचं पीस आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं असायचं. तो पक्षी आज भारतात कायद्याने संरक्षित आहे. आता बाजारात मिळतात ती परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं. म्हणून गावाहून येताना रानात सापडलेलं पीस बॅगेत टाकू नका. मोरपिसांच्या निर्यातीलाही बंदी आहे.

दोऱ्याचा ताण

माझी आई आबोलीचे वळेसर करायची. केळीचं सोप पाण्यात भिजवायची, एकेक देठ लावून वेढा घ्यायची, आणि प्रत्येक वेढ्याला बोटाने इवलासा ओढ द्यायची. सैल राहिला तर फूल गळणार, जास्त ओढला तर देठच तुटणार. फ्लायचा दोरा अगदी तसाच ओढायचा असतो. तो तुटायच्या जरा अलीकडे जिथे ताण बसतो, ती जागा बोटांना ओळखता आली पाहिजे. यासाठी पहिल्या दिवशी फ्लाय बांधूच नका. रिकामा गळ व्हाइसमध्ये लावा, दोरा गुंडाळा आणि मुद्दाम तुटेपर्यंत ओढा. दहा वेळा तोडलात की हाताला अंदाज येतो. दोरा वारंवार एकाच ठिकाणी तुटत असेल तर दोष हाताचा नसतो: एक तर तो गळाच्या अणीला घासतोय, किंवा बॉबिनच्या नळीच्या तोंडाला चीर गेली आहे.

बगर: पायरी पायरीने

गळाचा उलटा काटा आधी पकडीने दाबून सपाट करा. मासा सोडायला सोपं जातं, आणि काटा मोडून गळ वाया जायचाच असेल तर बांधायच्या आधी गेलेला बरा. गळ बाकाजवळ, म्हणजे दांडी जिथे वळते तिथे, धरून दांडी आडवी, समतल ठेवा.

वजनी तारेचे बारा ते चौदा वेढे दांडीच्या पुढच्या अर्ध्या भागावर घाला, पण नेढ्यामागे पाच मिलिमीटर जागा मोकळी सोडा. ही जागा सोडायला नवशिका हमखास विसरतो. वजन पुढे असल्यामुळे ओढ थांबली की फ्लायचं नाक खाली जातं, पुन्हा ओढल्यावर वर येतं. हीच तिची चाल. तारेच्या दोन्ही टोकांशी दोऱ्याचा छोटा उतार करा, वरून आडवेतिडवे वेढे द्या आणि दोरा मागे बाकाच्या सुरुवातीपर्यंत न्या.

आता शेपूट. मॅराबूचं असं पीस निवडा ज्याची टोकं मऊ आणि साधारण सारख्या लांबीची आहेत. बोटं ओली करून पीस चोळा, म्हणजे ते उडणार नाही आणि खरी जाडी दिसेल. शेपटाची लांबी दांडीएवढी, जास्त नाही. पीस चिमटीत दांडीवर धरा, दोऱ्याचे दोन वेढे चिमटीतूनच सैल घ्या आणि मग सरळ खाली ओढून आवळा. ही युक्ती जमली नाही तर पीस दांडीभोवती फिरून पलीकडे जातं. उरलेला देठाचा भाग बाकाशी कापू नका. तो दांडीवर पुढे, तारेपर्यंत झोपवून बांधा. त्याने अंग मागेपुढे सारखं भरतं आणि तारेच्या टोकाशी खड्डा राहत नाही. चमकीचे धागे घालायचे तर दोन्ही बाजूंना दोन दोन. माझ्या मते गढूळ पाण्यात ते उपयोगी पडतात, नितळ पाण्यात नसलेलेच बरे.

शेपटाच्या मुळाशी तांब्याची तार बांधा. शेनीलच्या टोकाचा चारेक मिलिमीटर मऊ केस नखाने ओरबाडून काढा, आतला दोरा दिसेल, तो बांधा. आता दोरा पुढे नेऊन नेढ्यामागे पाच मिलिमीटरवर थांबवा. शेनील एकाला एक खेटून गुंडाळत तिथपर्यंत आणा, बांधा, कापा.

हॅकल दोन प्रकारे लावतात. पुष्कळजण ते शेपटाशी बांधून पुढे आणतात. मी उलट करते, आणि तुम्हीही उलटच करा. हॅकलची पात (कण्याला फुटलेला तंतू) दांडीला काटकोनात वाकवून बघा, तिची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे अणी आणि दांडी यांतल्या अंतराच्या, दीडपट ते दुप्पट असावी. बुडखा पुढच्या बाजूला बांधा, पिसाची खोलगट बाजू मागे, शेपटाकडे येईल असा. पुढे दोन वेढे शेजारी शेजारी, मग मोकळ्या नागमोडीने पाच सहा वेढ्यांत शेपटापर्यंत. टोक एका हाताने धरून ठेवा आणि तांब्याच्या तारेचा एक वेढा त्याच्यावरून आवळा. मग तार हॅकलच्या विरुद्ध दिशेने, पिसांमधून डावीउजवीकडे हलवत पुढे आणा, म्हणजे पाती खाली दबणार नाहीत. तार प्रत्येक वेढ्याला पिसाचा कणा ओलांडते, त्यामुळे माशाच्या दाताने कणा एका जागी तुटला तरी बाकीचं पीस जागचं हलत नाही. पुढे तार बांधून घ्या आणि ती कापण्याऐवजी गोल गोल फिरवून तोडा. धारदार टोक उरत नाही.

शेवटी गुलाबी शेनीलचे तीन वेढे, वरून एक, असं मटाराएवढं डोकं करा. व्हिप फिनिशची चार पाच वेढ्यांची गाठ दोनदा. वार्निश सुईच्या टोकावर घेऊन फक्त दोऱ्यावर लावा. नेढ्यात थेंब गेलाच तर हॅकलचा उरलेला देठ त्यातून ओढून लगेच साफ करा.

या साफसफाईवर मी इतकी अडून बसते त्याला कारण आहे. माझ्या दुसऱ्याच हंगामात, नोव्हेंबरमध्ये, मस्कीगन नदीवर क्रोटन धरणाच्या खाली पहाटे उभी होते. तापमान उणे सहा. रॉडच्या कड्यांत बर्फ धरत होता. समोरच्या खोल वाटेवर एक मासा दोनदा वळला, मी फ्लाय बदलायला घेतली, आणि आदल्या रात्री घाईत बांधलेल्या पाचही फ्लायची नेढी वार्निशने बंद होती. बधिर बोटांनी दुसऱ्या गळाच्या टोकाने ती कोरत बसले. वीस मिनिटं गेली. तेवढ्यात उजाडलं आणि वरच्या बाजूने होडी त्याच पाण्यावरून गेली. तेव्हापासून डबी बंद करायच्या आधी प्रत्येक नेढ्यातून एकदा दोरा ओवून पाहते.

क्लाउझर: केस कमी, डोळे घट्ट

क्लाउझरचं सगळं गुपित तिच्या धातूच्या डोळ्यांत आहे. डंबेलसारखे दोन डोळे दांडीच्या वरच्या बाजूला बांधले की वजनामुळे गळ पाण्यात उलटा होतो आणि अणी वर राहते. तळाच्या दगडांत, लाकडांत ती कमी अडकते. स्मॉलमाउथच्या नदीत ही फार मोठी सोय आहे.

गळ आखूड किंवा मध्यम दांडीचा, २ ते ६ नंबर. डोळे साधारण चार मिलिमीटरचे. दोरा जरा जाड चालेल. केस म्हणजे बकटेल, पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे. मी पांढरा आणि पोपटी अशी जोडी वापरते, आणि क्रेफिशच्या रंगासाठी तपकिरी-नारिंगी. पुण्या-मुंबईत बसून सराव करायचा असेल तर बोकडाचे लांब केस घ्या. ते बकटेलपेक्षा मऊ असतात आणि पाण्यात सुरेख हलतात.

नेढ्यापासून मागे, दांडीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर दोऱ्याचा छोटा गठ्ठा करा. त्यावर डोळे तिरके ठेवून एका कर्णाने दहा वेढे, मग दुसऱ्या कर्णाने दहा. आठच्या आकड्यासारखे. डोळे आता दांडीला काटकोनात आले असतील. यानंतरची पायरी पुष्कळजण गाळतात: डोळ्यांच्या खाली आणि दांडीच्या वर, नुसते आडवे, घट्ट वेढे घ्या. हे वेढे आधीच्या सगळ्या वेढ्यांना एकत्र आवळतात. पतंगाच्या काड्यांच्या फुलीवर दोरा आवळावा तसे. बोटाने डोळा ढकलून पाहा. सरकत नसेल तर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब टाका.

पांढरे केस शेपटीच्या वरच्या दोन तृतीयांश भागातून घ्या. बुडाकडचे केस पोकळ असतात आणि दोरा लागला की फुलारतात. किती घ्यायचे? शिसपेन्सिलीतल्या शिशाच्या जाडीपेक्षा थोडे जास्त. जेवढे बरोबर वाटतात, त्याच्या निम्मे परत ठेवा. मी गंभीरपणे सांगतेय. टोकं ठोकून सारखी करू नका, ती थोडी वरखाली असली की अंगाला माशासारखा निमुळता आकार येतो. फक्त आतले आखूड केस आणि लोकर ओढून काढा. लांबी दांडीच्या दुप्पट ते अडीचपट. बुडखे डोळ्यांच्या पुढे बांधा, केस दोन डोळ्यांच्या मधल्या खाचेतून मागे न्या आणि डोळ्यांमागे दांडीला बाकाच्या अलीकडे हलक्या हाताने बांधा.

आता गळ व्हाइसमध्ये उलटा करा, अणी वर. डोळ्यांच्या पुढे सहा ते आठ चमकीचे धागे, केसांपेक्षा बोटभर लांब. त्यावर तेवढेच पोपटी केस, तेही फक्त डोळ्यांच्या पुढे बांधलेले, मागे मोकळे. अणी त्यांच्यात लपेल. बुडखे तिरपे कापा, दोऱ्याने गुळगुळीत निमुळतं डोकं करा, गाठ, वार्निश. केसांमधून पलीकडचं दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर पुढची फ्लाय आणखी विरळ बांधा.

बिघडलेली फ्लाय वाचायची कशी

ग्लासात किंवा बादलीत सोडल्यावर क्लाउझर कुशीवर झोपत असेल तर केस जास्त झालेत किंवा डोळे वाकडे आहेत. बगर ओढताना गरगर फिरत असेल तर शेपूट दांडीच्या एका बाजूला सरकलेलं असतं. मासा नुसता शेपटाला हिसका देऊन जातो, लागत नाही, अशी तक्रार असेल तर शेपूट लांब आहे. नदीवरच ते नखांच्या चिमटीत धरून खुडा. कात्रीने कापलं की टोकं ठोकळ्यासारखी होतात आणि मॅराबूचा जीवच जातो. वापरून हॅकल सुटत असेल तर तारेचे वेढे हॅकलच्याच दिशेने गेले असणार.

पाण्यात

स्टीलहेडच्या गार पाण्यात मासा मंद असतो, लांब पळत येत नाही. बगर प्रवाहाच्या खालच्या दिशेने तिरकी फेका, लाइन उचलून एकदा प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका म्हणजे फ्लाय बुडायला वेळ मिळेल, आणि मग प्रवाहालाच ती काठाकडे हळूहळू वळवू द्या. टोकाकडे बुडणारी लाइन, पुढे जेमतेम तीन चार फुटांचा लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा). फ्लाय काठाशी येऊन थांबली की लगेच उचलू नका, मनात दहा मोजा. मग दोन पावलं खाली सरका आणि पुन्हा. काळी किंवा जांभळी गढुळात, ऑलिव्ह नितळ पाण्यात. हीच ऑलिव्ह बगर, गुलाबी डोकं न लावता, जूनमध्ये बासलाही चालते.

बासला उलट चाल हवी. क्लाउझर फेकली की बुडू द्या, दोन आखूड झटके, मग थांबा. थांबल्यावर ती नाक खाली करून पडते आणि बहुतेक घास तेव्हाच येतो, म्हणून थांबताना लाइन सैल सोडू नका. फ्लाय आवळगाठीने न बांधता घट्ट न होणाऱ्या फासाने बांधा. फासात तिला मान हलवायला जागा मिळते.

दर तीन चार माशांनंतर, आणि दगडाला लागल्यावर प्रत्येक वेळी, अणी अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहा. रुतली तर ठीक, घसरली तर कानशीने दोन हात. घरी आल्यावर ओल्या फ्लाय तशाच डबीत बंद करू नका, रात्रभर उघड्यावर वाळू द्या. गळ गंजला की गंज मॅराबूत उतरतो, आणि पांढऱ्या बकटेलवर तर तो डाग निघत नाही.